४५ हजारांची स्पीकर केबल आणि सव्वा लाखाचा डॅक: पैसा नेमका कुठे घालावा?

मुलतानी यांचा प्रश्न:

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट, फरशी व्हिट्रिफाइड, भिंती विटांच्या आणि बऱ्याचशा मोकळ्या. ऐकणं मुख्यतः ख्याल, थोडं जॅझ. साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर (८ ओहम, ८६ डेसिबल, पोर्ट मागे), ६० वॉटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, लॅपटॉपवरून छोट्या यूएसबी डॅकमार्फत (डॅक म्हणजे डिजिटल फायलीचा अॅनलॉग सिग्नल करणारी पेटी) फ्लॅक फायली (दर्जा न गमावता लहान केलेल्या), आणि एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिजचा (सुई बसलेला भाग) टर्नटेबल, जो अ‍ॅम्पच्याच फोनो इनपुटला जोडलाय. स्पीकर बारा फुटांच्या लांबीत वाजतात, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे.

तक्रार अशी की डग्गा घुमतो, तानपुरा त्याच्यामागे दडतो आणि विलंबितात गायकाचा खर्ज जाडजूड होतो. शिवाय अ‍ॅम्पला सेट-टॉप बॉक्स जोडलेला असताना मंद घूं येते.

विक्रेत्याने सुचवलेली यादी: ३ मीटरची स्पीकर केबलची जोडी ४५ हजार, पॉवर कॉर्ड ३० हजार, नवा डॅक सव्वा लाख. एकूण दोन लाख. दुकानातल्या डेमोत केबलचा फरक स्पष्ट ऐकू आला, त्यामुळे "सगळा मनाचा खेळ" एवढंच उत्तर नको. आकड्यांत बोला, आणि घरी खात्री कशी करायची तेही सांगा.

---

सोल्डरवाला:

केबलपासून सुरुवात करतो, कारण तिचं गणित पाच मिनिटांत होतं.

अडीच स्क्वेअर एमएमच्या मल्टिस्ट्रँड तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ८ ओहम. तुमची लांबी ३ मीटर, जाऊन-येऊन ६, म्हणजे ०.०४८ ओहम. ८ ओहमचा स्पीकर कुठल्याच फ्रिक्वेन्सीला नेमका ८ नसतो. बुकशेल्फमध्ये तो ५ ओहमपासून २५ ओहमपर्यंत वरखाली होतो असं धरू. वायरच्या रोधामुळे या दोन टोकांमध्ये आवाजाचा जो फरक पडेल तो ०.०७ डेसिबल. तो कुणालाही ऐकू येत नाही. आता हीच ३ मीटर वायर अर्ध्या स्क्वेअर एमएमची, म्हणजे अ‍ॅम्पच्या खोक्यात फुकट येते तसली घेतली, तर फरक ०.३ डेसिबल होतो. तीच १० मीटर ओढली तर १ डेसिबल. म्हणून "वायरने काही फरक पडत नाही" हेही खरं नाही. बारीक आणि लांब वायरने पडतो. जाड आणि आखूड असली की विषय संपतो.

तेव्हा चांगल्या कंपनीची घरगुती वायरिंगची अडीचची वायर घ्या. मीटरला शंभर रुपयांच्या आत मिळते. लाल आणि काळी एकत्र पिळून टाका, टोकांना बनाना प्लग स्क्रूने घट्ट बसवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत प्लग सहज मिळतील. एक काळजी मात्र घ्या: ऑनलाइन "ओएफसी" (ऑक्सिजनमुक्त तांबं) म्हणून स्वस्तात विकली जाणारी पुष्कळशी स्पीकर वायर आतून अ‍ॅल्युमिनियम असते, वर तांब्याचा मुलामा. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत उघडी टोकं लवकर खराब होतात. तांब्याचीही टोकं हिरवट-काळी पडतात. वर्षाकाठी अर्धा इंच छाटून नव्याने कसावीत.

पॉवर कॉर्डबद्दल थोडक्यात. मीटरपासून तुमच्या सॉकेटपर्यंत भिंतीतून कित्येक मीटर साधी वायर आलेली आहे. त्यानंतर अ‍ॅम्पच्या आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर. मधल्या दीड मीटरने त्यात ऐकू येईल असा बदल होत असेल तर सॉकेट सैल आहे किंवा अर्थिंग बिघडलंय. आधी ते दुरुस्त करा.

---

कान_आणि_मीटर:

डेमोत फरक ऐकू आला हे मी नाकारत नाही. तो केबलमुळे होता का, एवढंच तपासायचं आहे. दोन गोष्टींत ०.२-०.३ डेसिबलचा फरक असला तर तो "मोठा आवाज" असा जाणवत नाही. "जास्त मोकळं", "जास्त तपशील" असा जाणवतो. केबल बदलताना अ‍ॅम्प बंद-चालू झाला, व्हॉल्यूमचा खटका केसभर सरकला, तुम्ही सहा इंच पुढे झुकून बसलात, "आता ऐका" असं आधी सांगितलं गेलं: यातलं कुठलंही एक कारण पुरेसं आहे. डॅकच्या डेमोत तर मोठीच गफलत होते. आरसीए या साध्या जोडणीवर बहुतेक डॅक २ व्होल्ट देतात, एक्सएलआर या तीन पिनांच्या जोडणीवर ४. जुना आरसीएने आणि नवा एक्सएलआरने जोडून ऐकवला की नवा ६ डेसिबल मोठा असू शकतो.

घरी तपासायची पद्धत, डॅकसाठी:

१. लॅपटॉपमधून ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल सिग्नल काढा. त्यासाठी यूएसबीवरून दोन्ही आउटपुट देणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. एक डॅक ऑप्टिकलवर, दुसरा कोअ‍ॅक्सियलवर, म्हणजे दोघांना एकच गाणं एकाच वेळी. हे दोन्ही डॅक अ‍ॅम्पच्या दोन इनपुटना.

२. पातळी जुळवा. २०० किंवा ४०० हर्ट्झचा शुद्ध सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झच्या वर चुकीचं दाखवू शकतात, म्हणून खालचा सूर. दोन वाचनांत १ टक्क्याहून जास्त फरक नको: १.००० व्होल्ट आणि १.०१० व्होल्ट म्हणजे ०.०९ डेसिबल. जो डॅक मोठा आहे त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम कमी करा. कानाने जुळवू नका, कानाने एवढं बारीक जुळत नाही.

३. इनपुट बदलणारा माणूस तुमच्या मागे, तुम्हाला न दिसेल असा बसवा. प्रत्येक फेरीला नाणं उडवून तो ठरवेल. बदलताना दर वेळी दोन सेकंद म्यूट करायचं, आणि "तोच" आला तरी खटके तेवढेच वाजवायचे, नाहीतर खटक्यावरून कळतं. दोन डॅकमध्ये काही मिलिसेकंदांचा विलंबही वेगळा असतो. म्यूट केल्याने तो झाकला जातो.

४. आधी उघडपणे दोन्ही हवे तेवढे ऐका. मग १० ते १५ सेकंदांचा तुकडा निवडा. नुसता तानपुरा, "स"-"श" असलेले बोल, टाळ्या हे कठीण तुकडे आहेत. तीनताल जोरात चाललेला तुकडा निवडू नका, त्यात सगळं झाकलं जातं.

५. फेऱ्या १६, आणि हा आकडा आधीच ठरवायचा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या योगायोगाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. ११ आले तर ती साडेदहा टक्क्यांवर जाते, म्हणजे निकाल नाही. ९ फेऱ्यांत पुढे आहोत म्हणून तिथेच थांबणं ही सर्रास होणारी चूक. कान थकतो, म्हणून ८-८च्या दोन बैठका करा.

फायलींची तुलना (फ्लॅक आणि ३२० केबीपीएस एमपी३) एकट्याने करायची असेल तर फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्स कम्पॅरेटर (न सांगता वाजवलेली फाइल कोणती ते ओळखायला लावणारा) हा मोफत जोड आहे. तो पातळीही जुळवतो. एमपी३ स्वतः त्याच फ्लॅकमधून बनवा. वेगवेगळ्या ठिकाणच्या दोन फायली घेतल्या तर दोन वेगळी मास्टरिंग ऐकून भलताच निष्कर्ष निघेल.

---

रसिक_ठाणे:

वरच्या दोघांशी मी बराचसा सहमत आहे, पण चर्चा नेहमीच्या वाटेने जायला लागली आहे म्हणून आडवा येतो. "मोजमापात सारखं, म्हणजे सारखं" हे वाक्य नीट तपासलं पाहिजे, कारण काय मोजलं यावर सगळं अवलंबून असतं.

पहिलं, हाय-रेझोल्यूशनचा (सीडीहून बारीक नोंदीच्या रेकॉर्डिंगचा) वाद. मेयर आणि मोरान यांचा २००७चा प्रयोग सगळे पुढे करतात: एसएसीडी या हाय-रेझोल्यूशन डिस्कच्या वाटेत १६ बिट/४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे साध्या सीडीचा टप्पा घातला, ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणेफेकच. पण २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी १८ प्रयोग आणि बारा हजारांहून जास्त फेऱ्या एकत्र केल्या तेव्हा ५२.३ टक्के उत्तरं बरोबर निघाली, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांत हा आकडा ६० च्या आसपास गेला. फरक फार लहान आहे, पण शून्य म्हणता येत नाही.

दुसरं, व्हॉल्व्ह अ‍ॅम्प. फीडबॅक नसलेल्या सिंगल-एंडेड अ‍ॅम्पचा आउटपुट रोध २.५ ओहम असू शकतो. सोल्डरवाल्यांच्याच ५ आणि २५ ओहमच्या स्पीकरवर याने २.७ डेसिबलचा चढउतार होतो. तो आंधळ्या चाचणीतही (काय वाजतंय ते ऐकणाऱ्याला न सांगता घेतलेल्या) कळेल. हे ऐकणारे लोक भ्रमात नाहीत. त्यांना आवडतो तो बदललेला टोन, आणि तो टोन इक्वलायझरनेही मिळू शकतो, हे विक्रेता सांगत नाही.

तिसरं, आणि मुलतानी, हे तुमच्या कामाचं: टर्नटेबलची केबल. इथे केबल खरोखर आवाज बदलते. व्हीएम९५ईच्या कॉइलचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री, आणि कंपनी १०० ते २०० पिकोफॅरडचा लोड सांगते. एकूण २०० असेल तर विद्युत अनुनाद (जिथे आवाज उंचावतो आणि पुढे गळतो ती फ्रिक्वेन्सी) १५ किलोहर्ट्झजवळ पडतो. पण फोनो इनपुटचे १५०, दंडातल्या वायरचे काही आणि जाड दिखाऊ केबलचे मीटरला १००-१५० असं करत बेरीज ४०० झाली की अनुनाद पावणेअकरा किलोहर्ट्झवर उतरतो. गायकाचे "स" टोचतात आणि त्याच्या वरचं सगळं लवकर गळतं. मल्टिमीटरला कपॅसिटन्स रेंज असेल तर केबल दोन्ही टोकांनी सोडवून मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये मोजा. कमी कपॅसिटन्सची आखूड केबल इथे उपयोगी, आणि ती साध्या कोअ‍ॅक्सियल वायरपासून घरी बनते. सोल्डरिंग येत असेल तर दोनशे रुपयांचं काम.

---

सोल्डरवाला:

रसिकजी, फोनोचा मुद्दा पूर्ण मान्य. मी स्पीकर केबलपुरतं बोलत होतो.

डॅकबाबत एक उदाहरण नोंदवतो. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एलपी शुद्ध अ‍ॅनलॉग साखळीतून येतात अशी बड्या बड्या श्रोत्यांची खात्री होती. मायकल जॅक्सनच्या एका अल्बमच्या ४० हजार प्रती काढायचं जाहीर झालं, आणि मूळ टेपवरून एवढ्या प्रती कशा काढणार असा प्रश्न लोकांना पडला. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्या इंजिनियरांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मधे डीएसडीचा डिजिटल टप्पा असतो. २०११ पासूनच्या कितीतरी आवृत्त्या तशाच होत्या. पुढे २.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. इतकी वर्षं ज्या एलपी अ‍ॅनलॉगचा नमुना म्हणून दाखवल्या जात होत्या, त्यांतला डिजिटल टप्पा नुसतं ऐकून कुणी पकडला नाही. चांगलं डिजिटल रूपांतर किती स्वच्छ असतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. तुमचा छोटा डॅक गरम होत नसेल, खरखरत नसेल आणि त्याला २ व्होल्टचं आउटपुट असेल, तर सव्वा लाखाने मिळेल ती सुबक पेटी, रिमोट आणि जास्तीचे इनपुट. ते हवे असतील तर जरूर घ्या, पण डग्ग्याची घूम त्याने जाणार नाही.

---

मुलतानी:

सगळ्यांचे आभार. तीन मुद्दे राहिले: घूं, घुमणारा डग्गा, आणि हे दोन्ही सुधारण्याचा क्रम.

---

कान_आणि_मीटर:

घूं आधी. सेट-टॉप बॉक्सची गोल कोअ‍ॅक्सियल वायर मागून काढा. घूं लगेच थांबली तर तो ग्राउंड लूप आहे: केबलवाल्याच्या तारेचं अर्थ वेगळं, तुमच्या भिंतीतलं वेगळं, आणि त्या दोहोंतला ५० हर्ट्झचा प्रवाह अ‍ॅम्पच्या सिग्नल वायरच्या कवचातून वाहतो. उपाय: बॉक्स ते अ‍ॅम्प जोडणी ऑप्टिकलने करा. अ‍ॅम्पला ऑप्टिकल इनपुट नसेल तर आरसीएच्या वाटेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अगदी स्वस्तातला घेतला तर तो खालचे सूर खातो, पण टीव्हीसाठी चालेल. ऑडिओची सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या.

थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून घूं थांबवायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. घूं थांबते, पण बिघाड झाल्यावर अ‍ॅम्पच्या धातूच्या खोक्यात २३० व्होल्ट उभे राहू शकतात. घरात लहान मुलं असतील तर हा विचारसुद्धा नको. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टहून जास्त दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

---

तंबोरा:

उशिरा आलो, पण मूळ दुखणं खोलीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

समांतर भिंतींमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सी साचतात: ३४५ (आवाजाचा वेग, सेकंदाला मीटर) भागिले मीटरमधल्या अंतराची दुप्पट, आणि त्याच्या पटी. तुमच्या खोलीत १२ फुटांच्या लांबीला ४७ आणि ९४ हर्ट्झ. १० फुटांच्या रुंदीला ५७ आणि ११३. साडेनऊ फुटांच्या उंचीला ६० आणि ११९. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने ११३ आणि ११९ शेजारी-शेजारी आल्या आणि एकच मोठा उंचवटा झाला. तुम्ही रुंदीच्या मध्यावर बसत असाल तर ५७ची लाट तिथे जवळजवळ शून्य असते, पण ११३ची ऐन भरात असते. आणि सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे लांबीच्या सगळ्या लाटा तिथे कमाल. डग्ग्याची घूम आणि पुरुष गायकाचा खर्ज नेमके ९० ते १२०च्या या पट्ट्यात येतात. तिथे आवाज साचून राहिला की वरच्या पट्टीतली तानपुऱ्याची जवारी त्याच्याखाली दबते. तानपुरा मागे गेलेला नाही, झाकला गेला आहे.

आता फुकटचे उपाय, याच क्रमाने.

सोफा पुढे ओढा, कान मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर येतील असा. १२चा पाव भाग ३, आणि लांबीची ९४ हर्ट्झची लाट तिथे शून्याला पोचते. हा एकच बदल निम्मं काम करतो. जागा अडते म्हणून लोक हे टाळतात आणि मग इतर गोष्टींवर पैसे घालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोज नको, पण ऐकताना तरी सोफा ओढा. खाली चाकं लावून घ्या.

स्पीकरचा पुढचा चेहरा त्याच्या मागच्या भिंतीपासून अडीच फुटांवर. भिंतीवरून परत येणारी लाट ११५ हर्ट्झच्या आसपास उलट्या फेजमध्ये येते आणि तो उंचवटा खाली बसतो. तीन-चार इंच पुढे-मागे करून पाहा. दोन स्पीकरमधलं अंतर साडेपाच ते सहा फूट, तोंड किंचित आत, ट्वीटर कानाच्या उंचीला. तुम्ही साडेसहा फुटांवर बसाल. ८६ डेसिबलच्या स्पीकरला ६० वॉट या अंतरावर पुरून उरतात.

मागच्या पोर्टमध्ये फोमचा बोळा सैलसर बसवून ऐका. खर्ज थोडा कमी होईल, पण आवळला जाईल.

एवढं झाल्यावर मोजा. यूमिक-१ सारखा कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर. ओळखीत कुणाकडे माइक असेल तर एका दुपारीपुरता मागून आणा. माइक कानाच्या जागी, पंखा बंद, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा स्वीप, पातळी ७५ ते ८० डेसिबल. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही. उंचवटे दिसतील ते लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओमध्ये खाली आणा, फक्त ३०० हर्ट्झच्या खालचे. खड्डे भरायला जाऊ नका: १० डेसिबल वर उचलायला अ‍ॅम्पला दसपट वॉट लागतात आणि खड्डा तरीही भरत नाही, कारण तिथे दोन लाटा एकमेकींना खोडतायत. प्लेअर वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा असिओवर (विंडोजचा मिक्सर टाळणाऱ्या वाटांवर) असेल तर आवाज एपीओला वळसा घालून जातो, आणि लोकांना वाटतं की इक्वलायझरचा उपयोगच नाही. एलपी ऐकताना हा उपाय लागू नाही, तिथे जागा आणि पॅनेलच.

पॅनेल: २ बाय ४ फुटांची लाकडी चौकट, ४ इंच खोल. आत घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलच्या (खनिज लोकरीच्या) ५० मिमीच्या दोन पाट्या. वर ज्यातून फुंकर आरपार जाते असं सुती कापड, आणि धागे बाहेर येऊ नयेत म्हणून आतून पातळ नॉन-वोव्हन. कापताना हातमोजे आणि मास्क घालाच. सहा पॅनेल करा. दोन बाजूच्या भिंतींवर: तुम्ही बसलेले असताना कुणीतरी भिंतीवर आरसा सरकवावा, ट्वीटर दिसेल ती जागा. दोन पुढच्या कोपऱ्यांत तिरपे, दोन डोक्यामागे. भिंतीपासून ४ इंच सोडून टांगा, आवाजालाही फायदा आणि पावसाळ्यात ओल धरत नाही. एक स्पष्ट सांगतो: ४ इंचांचं पॅनेल ५७ हर्ट्झला फारसं काही करत नाही. त्याचं काम शंभर-सव्वाशेच्या वर. आणि एक इंची टोकदार फोमने तर खर्जाला धक्काही लागत नाही, फक्त वरचे सूर मरतात. फरशीवर स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी टाका.

---

रसिक_ठाणे:

तंबोराशी शंभर टक्के सहमत. यातून पैसे उरले तर ते स्पीकरवर जावेत, कारण स्पीकरमधले फरक आंधळ्या चाचणीतही टिकतात. तिथेही डोळे फसवतात: टूल आणि ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर उघडे आणि पडद्याआड असे दोन्ही प्रकारे ऐकवले, तेव्हा पडदा आल्यावर गुण बदलले. म्हणून नवे स्पीकर दुकानातल्या सजवलेल्या खोलीत ठरवू नका.

---

मुलतानी:

सोफा ३ फूट आणि स्पीकर अडीच फूट आजच करतो. डॅकचं विक्रेत्याला काय सांगू?

---

कान_आणि_मीटर:

सात दिवस घरी चाचणीला मागा, आणि पूर्ण रक्कम परत मिळेल हे बिलावर लिहून घ्या, "क्रेडिट नोट" नको. खोके, थर्मोकोल, वॉरंटी कार्ड सगळं जपून ठेवा. १६ फेऱ्या पहिल्या दोन दिवसांतच उरका. "दोनशे तास वाजवल्यावर खुलतो" असं सांगितलं गेलं तर तेवढीच मुदत वाढवून मागा, कारण परतीची तारीख त्याआधी उलटून जाते. आणि दोन्ही डॅक आरसीएनेच जोडा.